फळ्याशेजारची खुर्ची

१२ जुलै

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पोट वाढल्यामुळे आठांपैकी सातच अंगं जमिनीला टेकतात. आठवं टेकलं असं समजून घ्यावं.)

छापखाना बंद झाल्यापासून तू प्रत्येक पत्रात विचारते आहेस, की पुढे काय, आणि मी प्रत्येक पत्रात हवापाण्याचं वर्णन करतो आहे. आता सांगतो. मी शिक्षक व्हायला निघालो आहे. हसून झालं की पुढे वाच.

हे कॉलेजात जाऊन शिकायचं नाही. एक वर्ष एका वर्गात, एका अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करायची. मग परीक्षक येऊन आपला पाठ बघतात, मार्गदर्शक शिक्षक शिफारस देतात, आणि दोन्ही जमलं तर कायमची नेमणूक. वयाची अट पंचेचाळीस. अर्ज भरला त्या दिवशी ती अट आणि मी एकमेकांना जेमतेम ओळख देत होतो. पुढच्या वर्षी ती ओळखणार नाही. तेव्हा संधी ही एकच. छापखान्यात वीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाला दुसरं कोण कशासाठी ठेवून घेईल, हे मलाही सुचत नाही.

चौथीचा वर्ग मिळाला आहे. माझ्या मार्गदर्शक बाई माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आणि अकरा पटींनी करड्या. मुलं मला छोटे सर म्हणतात. डोक्याचं टक्कल आणि सहा फूट उंची पाहूनही म्हणतात, कारण मोठ्या बाई एकच आहेत आणि त्यांच्या पुढे बाकीचे सगळे छोटे.

बाईंची एक पद्धत आहे. उमेदवाराने मागच्या बाकावर बसायचं नाही. मागून फक्त मुलांच्या माना दिसतात, असं त्या म्हणतात. त्यांनी माझी खुर्ची फळ्याच्या शेजारी मांडली, तोंड मुलांकडे. शिकवणं फळ्यावर घडत नाही, मुलांच्या तोंडावर घडतं, तेव्हा माझ्याकडे नका बघू, त्यांच्याकडे बघा, असं सांगितलं. आणि बघायचं म्हणजे फक्त बघायचं. दिवाळखोर दुकानाच्या पाटीसारखा मी दिवसभर मुकाट बसलेला असतो.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच राहू दे. वाढवायचा तर निकालापर्यंत थांब.

तुझा
उमेदवार


२० जुलै

चि. शुद्धिपत्रास,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यांत चूक सापडल्यास खूण करून परत पाठवणे.

तुला दिवसभर बोलायला बंदी आहे हे वाचून घरात आनंदाचं वातावरण पसरलं. हे म्हणाले, की असली संस्था तुझ्या लहानपणी कशी सापडली नाही. मी म्हटलं, की वडिलांनी आपल्या दोघांना सकाळ-संध्याकाळ संस्कृतची रूपं पाठ करायला बसवलं तीही एक उमेदवारीच होती, फक्त तिच्यात बोलण्याची सक्ती होती. तेव्हा तू रडलास. आता गप्प बसायला लावलं तरी रडतो आहेस. तुझं समाधान करणं ब्रह्मदेवालाही अवघड.

आता गंभीर. संधी एकच, हे वाक्य तू विनोदात गुंडाळून पाठवलंस. पण मी कोर्टात लघुलेखक आहे, गुंडाळलेली वाक्यं सोडवायचाच मला पगार मिळतो. माझी भावजय सरळ लिहिते. तिने कळवलं, की तू सकाळी शाळेला निघताना तीन-तीनदा किल्ली विसरतोस आणि रात्री झोपेत तिचा हात धरून बे एके बे म्हणतोस. तेव्हा भीती वाटत असेल तर तसं लिही. मला विनोद कळतात, पण भीती त्याहून लवकर कळते.

त्या बाईंचं ऐक. वयाने लहान माणसाच्या हाताखाली शिकायला अहंकार थोडा आत ओढून घ्यावा लागतो. तुला पोट आत ओढता येत नाही, निदान हे ओढ.

आशीर्वाद पत्राबरोबर जोडले आहेत, निराळे मागू नयेत.

ताई


३ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सातही अंगं आनंदात.

ताई, वर्ग सुधारला. हे मी म्हणत नाही, बाई म्हणतात, आणि बाई कुणाचं कौतुक करताना दात दुखल्यासारखा चेहरा करतात, म्हणजे ते खरं असणार. जुलैत हा वर्ग गणितात शाळेत तळाला होता. आता बाईंनी फळ्याकडे तोंड करून तोंडी गणित घातलं, की मुलं क्षणभर थांबतात, एखादं उत्तर सुरू करतात, मध्येच बदलतात आणि बरोबर येऊन थांबतात. पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी आहे, वर्गाची मॉनिटर. ती तर चुकतच नाही. अपूर्णांकांत मोठमोठी माणसं गडबडतात, ही नऊ वर्षांची पोर उत्तर चाखून बघितल्यासारखं देते.

लेखी कामातही तेच. मी बाकांमधून हिंडतो, कुणाला काही सांगत नाही, कारण बाईंची सक्त ताकीद आहे. फक्त बघतो. मुलं आपणहून खोडतात आणि सुधारतात.

हेडसर इतके खूश झाले, की परीक्षकांना त्यांनी लवकरची तारीख दिली. आठ डिसेंबर. त्याआधी बाईंची शिफारस जाईल. माझा पाठ अपूर्णांकांवर. या वर्गापुढे उभं राहायचं म्हणजे तयार रस्त्यावर चालायचं.

तू म्हणालीस तसं लिहितो: भीती वाटत होती. आता कमी आहे.

तुझा
(जवळजवळ) मास्तर


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. नमस्कार धर.

सोमवारी तिसरीच्या बाई आजारी म्हणून मला तिकडे पाठवलं. त्याच दिवशी आमच्या वर्गाची अपूर्णांकांची चाचणी होती. बाईंनी काल उत्तरपत्रिका तपासल्या. अख्खा वर्ग कोसळला आहे. मॉनिटरचं एकही गणित बरोबर नाही. एकही. तिने पेपर देताना बाईंना विचारलं म्हणे, की छोटे सर कधी येणार.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला हेडसरांच्या खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्या विचारलं, की तुम्ही मुलांना उत्तरं सांगता का. मी नाही म्हणालो. हेडसर म्हणाले, की परीक्षक येणार म्हणून वर्ग चांगला दिसावा असं कुणालाही वाटेल, त्यात लाजण्यासारखं नाही, पण एकदा कबूल करा म्हणजे पुढचं बघता येईल. इतक्या गोड आवाजात म्हणाले, की माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणालो, की मी वीस वर्षांत दुसऱ्याच्या मजकुरात विचारल्याशिवाय एक काना घातलेला नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, जशा त्या बेरीज चुकलेल्या मुलाकडे बघतात.

या महिनाअखेरीपर्यंत खुलासा नाही झाला तर हेडसर उमेदवारीच्या कार्यालयाला कळवणार. मग पाठही नाही, शिफारसही नाही, आणि पुढचं वर्ष तर नाहीच नाही. घरात अजून सांगितलेलं नाही.

मी सांगत नाही, ताई. एक शब्द सांगत नाही. तू तरी विश्वास ठेव.

तुझा भाऊ


२३ ऑक्टोबर

चि. भावास,

आशीर्वाद, आणि आधी पाणी पी.

विश्वास आहे. तू खोटं बोलायला लागलास की व्याकरण बिघडतं, आणि तुझ्या पत्रात ते शाबूत आहे. पण माझा विश्वास पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा मी उलटतपासणी घेते. रागावू नकोस; रागावलेल्या साक्षीदाराचं सगळ्यांत जास्त नुकसान त्याच्याच वकिलाला होतं.

तू बोलत नाहीस हे मान्य. तू बसतोस कुठे? फळ्याशेजारी, तोंड मुलांकडे. बाई फळ्याकडे वळल्या की मुलांना त्यांची पाठ दिसते. मग मुलं कुणाकडे बघतात?

तू लिहिलंस, की मुलं उत्तर सुरू करतात, मध्येच बदलतात आणि बरोबर येऊन थांबतात. माझ्या समोर असे साक्षीदार येतात. ते बोलताना न्यायाधीशांकडे बघत नाहीत, दाराशी उभ्या असलेल्या आपल्या नातेवाइकाकडे बघतात.

आणि शेवटचा प्रश्न. तू घरी होतास तोवर आपल्याकडे कुणी पेपर मोठ्याने वाचत नसे. कारण आठवतं? एखादा शब्द चुकीचा वाचला गेला की तुझी डावी भुवई वर जायची. तू काही म्हणायचा नाहीस. म्हणायची गरजच नव्हती. आई म्हणायची, की याची भुवई म्हणजे तराजूचा काटा आहे. छापखान्यातला तुझा तो वाचून दाखवणारा सोबती तर माझ्यापाशी म्हणाला होता, की तो मजकूर बघतच नाही, तुझ्या कपाळाकडे बघून वाचतो.

तुला हे ठाऊक नसेलही. माणसाला स्वतःचं कपाळ दिसत नाही, ही सृष्टीकर्त्याची एकूण हलगर्जीच म्हणायची.

उद्या वर्गात आपल्या तोंडाला हात लावून बस आणि काय होतं ते कळव. माझ्या झोपेचा विचार करून लवकर कळव.

ताई


२५ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं बरोबर होतं, आणि मला ते आवडलेलं नाही.

आज बाईंनी तोंडी गणितं घेतली. मी सर्दी झाल्यासारखा रुमाल कपाळापासून हनुवटीपर्यंत धरून बसलो. बाईंनी विचारलं, अर्धा आणि पाव मिळून किती. मॉनिटर उठली. तिने माझ्याकडे बघितलं. रुमाल. तिने मान तिरकी केली, जसं कुणी खिडकीच्या पडद्याआडून आत बघायला जातं. तरीही रुमाल. मग ती म्हणाली दोन, मग म्हणाली सहा, मग खाली बसली. तिच्यामागे सगळा वर्ग माझ्या रुमालाकडे बघत होता. मला एकाही पोराच्या तोंडावर गणित दिसलं नाही. सगळ्यांच्या तोंडावर मीच होतो.

तीन महिने मी त्यांच्याकडे बघत होतो आणि शिकतोय असं समजत होतो. ते माझ्याकडे बघत होते. आणि खरं सांगायचं तर शिकले तेच. ज्यांना बेरीज येत नाही, त्यांना माझी भुवई, माझा श्वास, बाकाशी येऊन माझं अर्धं पाऊल थांबणं, सगळं वाचता येतं. ती मुलगी उत्तर चाखत नव्हती, मला चाखत होती. अपूर्णांक कुणालाच येत नाहीत.

आता बघ माझी अवस्था. हे बाईंना सांगितलं तर आरोप खरा ठरतो. बोललो नाही, पण सांगितलं तर खरंच. नाही सांगितलं, तर आठ डिसेंबरला मी परीक्षकांसमोर उभा राहीन, मुलं माझ्या तोंडाकडे बघून सगळी उत्तरं बरोबर देतील, आणि मी पास होईन. असा पास, की दृष्ट लागावी.

काय करू ते सांग. तू मोठी आहेस, तुला सांगायचा पगारही मिळत नाही, तेव्हा खरं सांगशील.

तुझा भाऊ


२९ ऑक्टोबर

चि. भावास,

आशीर्वाद. पाठीवर हात फिरवला असं समज, आणि आता थंड डोक्याने वाच.

गप्प राहा. साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, न विचारलेल्याचं देऊ नये. तुला विचारलं गेलं, की उत्तरं सांगता का. तू नाही म्हणालास. ते खरं आहे. हेडसरांना लिहून दे, की चाचणीच्या दिवशी वर्गात रोजचं माणूस नव्हतं म्हणून मुलं बावरली. हेही खरं आहे. त्यांना परीक्षकांपुढे शोभा नको आहे; ते तो खुलासा दोन्ही हातांनी घेतील.

आणि चेहरा मारायला शीक. मी बावीस वर्षं कोर्टात बसते. माझ्या शेजारी माणसांनी काय काय कबूल केलं आहे ते तुला पत्रात लिहिता येणार नाही, आणि माझा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा. युक्ती अशी, की बोलणाऱ्याच्या डोक्याच्या वीतभर वर बघायचं आणि मनात एखादं लांबलचक स्तोत्र सुरू ठेवायचं. आठ दिवसांत जमतं. मुलं तुझ्याकडे बघायचं सोडतील, हळूहळू गणिताकडे वळतील, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही.

प्रामाणिकपणा करायचा तर नेमणूक झाल्यावर कर. तेव्हा तो शोभूनही दिसतो. आत्ता तुला दोन मुलं आहेत, एक बायको आहे आणि पुढचं वर्ष नाही.

मी मोठी आहे म्हणून सांगते. ऐक.

ताई


१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. आधीच सांगतो, मी ऐकलं, आणि मग नाही ऐकलं.

हेडसरांना तू सांगितलेला खुलासा दिला. त्यांनी तो तू म्हणालीस तसाच घेतला, चहासुद्धा पाजला. बाईंनी सही केली, पण चहा घेतला नाही.

मग मी चेहरा मारला. तुझी युक्ती पहिल्याच दिवशी साधली. डोक्यांच्या वर बघायचं, स्तोत्र सुरू. तिसऱ्या दिवसापर्यंत वर्गात एक आवाज उरला नाही. मुलं हात वर करीनात. आधी ती माझ्याकडे बघून उत्तर शोधत होती. आता माझ्याकडे बघून आपलं काय चुकलं ते शोधू लागली. मधल्या रांगेतला एक गोलमटोल पोरगा, ज्याने जन्मात कधी स्वतःहून फळा पुसला नव्हता, रोज सकाळी येऊन पुसू लागला आणि पुसून माझ्याकडे बघू लागला.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मॉनिटर माझ्या खुर्चीपाशी आली. दप्तराचा पट्टा पिळत उभी राहिली. मग म्हणाली, की आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आम्ही माफी मागतो, पण काय केलं ते तुम्ही सांगा, कारण आम्हाला सापडत नाहीये.

ताई, मी त्या पोरीला काय सांगणार होतो? त्यांनी काही केलेलंच नव्हतं. तिला मी म्हणालो, की चूक माझी आहे. तिने विश्वास ठेवला नाही. सर चुकत नाहीत, असं तिला तीन महिने मीच शिकवलं होतं.

शाळा सुटल्यावर बाई फळ्यावर उद्याची तारीख घालत होत्या. मी सगळं सांगितलं. भुवई, रुमाल, खुलासा आणि स्तोत्रसुद्धा. त्या खडू हातात धरून ऐकत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, की खुर्ची मी मांडली. मग म्हणाल्या, की तीन महिने मीही या वर्गावर खूश होते, आणि मला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

मी शिफारशीचं विचारलं. त्या म्हणाल्या, की आज मला कुणी विचारलं तर या वर्गाला अपूर्णांक येत नाहीत आणि तुम्हाला शिकवता येतं की नाही ते मला ठाऊक नाही, एवढंच मी लिहू शकते. तसंच त्या लिहिणार आहेत, भुवईसकट. हेडसरांनी पाठाची तारीख पुढे ढकलायचं सुचवलं. परीक्षकांना दुसरी तारीख नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, की किल्ली विसरू नका. आणि जेवताना माझ्या पानात आधी वाढलं.

तुला राग आला असेल तर तो लिहून कळव. न कळवलेल्या रागाचं मला आता फार भय वाटतं.

तुझा भाऊ


१८ नोव्हेंबर

चि. भावास,

राग आला आहे. कळवते.

सगळ्या घराण्यात जोखीम घ्यायची म्हटलं तर उन्हात छत्री विसरण्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं. तू एकदम इतक्या उंचावरून उडी मारलीस आणि वर मला पत्र लिहून खोली विचारतोस. यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, की पोराचं बरोबर आहे. मी म्हटलं, की बरोबर असणं आणि नेमणूक होणं या दोन निराळ्या कचेऱ्या आहेत, मी त्यातल्या एकीत नोकरी करते.

त्या मुलीचं वाक्य मी चार वेळा वाचलं. माझ्यासमोर रोज माणसं काय केलं ते ठाऊक असून माफी मागत नाहीत.

आता पाठ तरी नीट कर. कसा करणार आहेस ते मला सांगू नकोस, म्हणजे मी बिघडवणार नाही.

ताई


९ डिसेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. काल झाला पाठ. क्रमाने सांगतो, कारण मलाही तो क्रमानेच समजून घ्यायचा आहे.

परीक्षक उंच, पातळ ओठांचे, कोट खांद्यावरून एकदाही हलला नाही असे. बाईंची शिफारस त्यांच्या हातात होती. भुवईच्या वाक्यापाशी आले असावेत तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्या कपाळाकडे बघितलं. माझी भुवई लगेच वर गेली. काय करणार.

मी फळ्यापाशी उभा राहिलो नाही. फळ्यावर प्रश्न लिहिला, की तिसरा हिस्सा मोठा की चौथा हिस्सा, आणि वर्गाच्या मागे जाऊन भिंतीला टेकलो. माना वळल्या. मी सांगितलं, की आज मी इथेच असणार आणि उत्तर माझ्यापाशी नाही, ते तुमच्यात ठरवायचं. कुणी हलेना. परीक्षकांनी घड्याळ बघितलं.

शेवटी मॉनिटर उठली. फळ्यावर लिहिलं, की चौथा मोठा, कारण चार मोठे. मी विचारलं, कुणाकुणाला पटतं. सगळे हात वर. ताई, अख्खा वर्ग, परीक्षकांसमोर, एकमुखाने चूक. एक शब्द बोललो असतो, नुसता खाकरलो असतो तरी सुधारलं असतं.

मी कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या वाटल्या. एकीचे तीन भाग करा, एकीचे चार, आणि ठेवा शेजारी. कात्र्या चालू झाल्या. खिडकीकडच्या मुलांनी ओरडून सांगितलं, की तिसरा मोठा निघतोय. पण त्या गोलमटोल पोराने तीन घड्या अशा काही घातल्या होत्या, की त्याचा एक तुकडा चौथ्याहून लहान निघाला. तो तुकडा हातात नाचवत त्याने सगळ्यांना खोटं ठरवलं. झालं, भांडण जुंपलं. कोण म्हणतं तुझी घडी चुकली, तो म्हणतो तुमचीच चुकली असेल. मॉनिटर दोन्ही बाजूंचे तुकडे गोळा करून जमिनीवर मांडायला बसली. घंटा झाली. सुट्टीची. कुणी उठलं नाही.

पाठ संपला होता आणि उत्तर फळ्यावर अजून चूकच होतं. बाई दारापाशी उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक जागेवरून उठले, मुलांमध्ये आले आणि वाकून विचारलं, की मग शेवटी कुणाचं बरोबर. सगळी मुंडकी वर झाली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. मी ते बघणं ओळखतो. ते पातळ ओठ आता हलणार, एवढ्यात मॉनिटर जमिनीवरूनच म्हणाली, की तुम्ही सांगू नका, आमचं अजून ठरतंय. आणि तिने मान खाली घातली आणि त्या पोराचे तिन्ही तुकडे शेजारी लावून मोजायला घेतले.

परीक्षक उभेच राहिले. सुट्टी संपेपर्यंत.

नंतर त्यांनी मला सांगितलं, की पाठाचं उद्दिष्ट वेळेत साधलं नाही, तेव्हा उत्तीर्ण म्हणता येत नाही. मी हो म्हणालो. मग त्यांनी सांगितलं, की अनुत्तीर्ण लिहायलाही त्यांचा हात धजत नाही. नियमात मधली एक वाट आहे: निर्णय शाळेचं वर्ष संपेपर्यंत राखून ठेवायचा आणि मार्चमध्ये मुलांची परीक्षा घ्यायची. प्रश्नपत्रिका ते पाठवतील. वर्गाने निम्म्याहून अधिक गुण मिळवले तर मी शिक्षक. अट एकच: त्या दिवशी मी शाळेच्या आवारात असायचं नाही.

म्हणजे माझी परीक्षा होईल आणि मी तिथे नसेन. इतकी वाजवी अट मी आजवर ऐकली नाही, आणि इतकी भयानकही.

तुझा
अजूनही उमेदवार


१५ डिसेंबर

चि. भावास,

आशीर्वाद.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं. हे ऐकत होते. मी दोन शब्द चुकीचे वाचले आणि कुणाची भुवई हलली नाही, तर मला घर एकदम रिकामं वाटलं.

माझा सल्ला मी परत घेते. कामकाजातून काढून टाकता येत नाही, म्हणून त्याखाली रेघ मारून सही केली आहे. त्या मुलीला तो सल्ला कुणी दिला नव्हता हे तिचं भाग्य.

आता राब. मार्चपर्यंत मला पत्रं लिहू नकोस, अपूर्णांक शिकव.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. सध्या साडेदहा वाजले असतील. मुलांसमोर प्रश्नपत्रिका आहे आणि मी आवाराबाहेर, रस्त्यापलीकडच्या बाकावर, मांडीवर पॅड ठेवून तुला लिहितो आहे. चौकीदाराने मला दोनदा ओळखीचं हसून आत बोलावलं. मी हात जोडले.

तीन महिने मी बहुतेक मागच्या भिंतीशी काढले. मुलं चुकत होती, भांडत होती, बाकांवर चढत होती. बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, की हा वर्ग आहे की मंडई. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांच्या गलक्यात उभं राहून त्यांनी स्वतः एका पोराशी पाऊण तास वाद घातला आणि हरल्या. दात दुखल्यासारखा चेहरा केला.

मॉनिटरचं मला सांगता येत नाही. ती आता वारंवार चुकते. जानेवारीत मी एकदा विसरून तिच्या बाकाशी थांबलो, तर तिने हात आडवा धरून वही झाकली आणि पुढे जा अशी मान हलवली. मी गेलो.

खिडकीतून काही दिसत नाही. बरं आहे.

घंटा झाली. थांब.

बाहेर आली मुलं. गोलमटोल आधी, मग बाकीची. मॉनिटर शेवटी. मी रस्ता ओलांडला नाही; अट संपली का ते ठाऊक नव्हतं. तिने मला बघितलं आणि फाटकातून ओरडून सांगितलं, की आठवं गणित तिचं चुकलं आहे, कसं चुकलं ते बाहेर पडताना तिला कळलं, आणि बाकीची बरोबर आहेत. ती हे सांगताना माझ्याकडे बघत होती, पण काही शोधत नव्हती. सांगून झालं आणि पळाली.

निकाल आठवड्याने लागेल. लागला की तारेसारखं दोन ओळींत कळवीन. पण ताई, तिचं आठवं खरोखर चुकलं आहे का, तेवढं मला आत्ता जाऊन बघायचं आहे, आणि बाई पेपर दाखवणार नाहीत.

लोभ कर. आज थोडा जास्त मागतो.

तुझा भाऊ


२९ मार्च

ती. ताईस,

झालो. बाईंनी शिफारशीवर सही केली. आठवं चुकलंच होतं.

तुझा भाऊ